वळिवड्याला पोहोचेपर्यंत कोण उरलं होतं?

लोणंद स्टेशनवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघण्यात माझे बरेच शनिवार गेलेत. बाजारात कांदा आला असेल तर वास फलाटापर्यंत येतो. पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे इथूनच जाते, १९४३ मध्येही जायची, फक्त तेव्हा मीटरगेज होती. त्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ती तिथे राहिली.

‘नव्याने आलेल्या निर्वासितांच्या आरोग्याच्या गरजा’ हा विषय घेऊन मी पहिल्यांदा गाईडसमोर बसलो, तेव्हा माझ्या वहीत वळिवड्याचं उदाहरण ठळक होतं. छावणीत दवाखाना होता, शाळा होत्या, त्या मानाने मृत्यू कमी. मी लिहिलं होतं, ‘यशस्वी आरोग्यव्यवस्था’. सरांनी एवढंच विचारलं, “नव्याने म्हणजे कधी? आणि कुठून?” मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या प्रपोजलमध्येही असा एखादा निरागस दिसणारा शब्द असेल, तो आत्ताच शोधून ठेवा.

ही माणसं थेट पोलंडहून आलेली नव्हती. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली, तेव्हा लोक दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या दिशेने निघाले. तिथे त्यांना टायफस आणि हगवणीने गाठलं. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्यासोबत एक लाखाहून जास्त लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. सैनिक सोडले तरी त्यात हजारो बायका-मुलं होती.

‘नव्याने आलेले’ हा शब्द खरा लागू पडतो तो पहलवीला. तिथे किनाऱ्यावर छावणीचे दोन भाग केले होते, एक संसर्ग असलेल्यांचा आणि एक स्वच्छ. कपडे जाळले, डोकी भादरली, आंघोळी घातल्या. टायफस उवांमधून पसरतो, त्यामुळे हे सगळं बरोबरच होतं. पण बायकांना ते काय वाटलं असेल, ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

मग जेवण. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्यांच्या पुढ्यात चरबीदार मटणाचं सूप आलं आणि ते अनेकांना झेपलं नाही. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत राहतं, आतला फॉस्फेट-पोटॅशियमचा साठा आटत जातो. अचानक भरपूर अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आज याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. मात्र पहलवीतल्या प्रत्येक मृत्यूवर हे नाव चिकटवू नका (मी चिकटवलं होतं!). हगवण, टायफस आणि मलेरिया तिथे एकाच वेळी होते, आणि ऐंशी वर्षांनी लॅब रिपोर्टशिवाय निदान करायचं नसतं.

इराणातून कराचीमार्गे हे लोक वळिवड्याला आले, तोवर सर्वांत अशक्त माणसं वाटेतच संपली होती. म्हणजे वळिवड्याचा कमी मृत्युदर हा काही अंशी वाचलेल्यांचा मृत्युदर आहे. माझं ‘यश’ तिथेच निम्मं झालं.

उरलेलं निम्मं मात्र खरं होतं, आणि त्याच्या गरजा वेगळ्या होत्या. इथे उवांपेक्षा क्षयाची चिंता मोठी होती. आजारी आणि अशक्त मुलांना आपल्याच साताऱ्यातल्या पाचगणीला ठेवलं जाई. तेव्हा पाचगणीला जाणारे लोणंदच्या पुढे वाठारला उतरत आणि तिथून घाट चढत. त्याशिवाय दख्खनचं ऊन, डास, आणि नवरा किंवा बाप कुठल्या आघाडीवर आहे, जिवंत आहे का, याची वाट बघणं. या वाट बघण्याला मी बराच काळ आरोग्याचा प्रश्न मानतच नव्हतो. बीएस्सी-एमेस्सीत आम्हाला मोजता येईल तेच दिसायला शिकवतात.

आणखी एक गोष्ट. ही माणसं आजच्या अर्थाने आश्रय मागणारी नव्हती. खर्च लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार उचलत होतं, त्यामुळे दवाखान्याला पैसा होता. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढली, आणि पुढे कुठे जायचं हाच प्रश्न झाला. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. एकच जागा, दोनदा ‘नव्याने आलेले’. पण फाळणीत घर सोडून आलेल्या सिंधी कुटुंबाचा प्रवास वेगळा, शरीरावरच्या खुणा वेगळ्या, आणि पाठीशी उभं राहणारं सरकारही वेगळं.

माझ्या प्रबंधाच्या शीर्षकातून ‘नव्याने आलेले’ गेलं. आता तिथे ‘पहलवी ते वळिवडे’ आहे, आणि पहिल्या प्रकरणाचा पहिला तक्ता वळिवड्याच्या दवाखान्याचा नाही, वाटेतल्या मुक्कामांचा आहे. त्यातले बरेच रकाने अजून रिकामे आहेत.