आजेसासूची टोपली



पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. हे आपल्याला कुणी वहीत लिहून दिले नाही, सासूबाईंच्या हाताखाली अंगवळणी पडले. आजची गोष्टही एका आजेसासूची आणि नातसुनेची आहे, पण दूर कॅलिफोर्नियातली.

तिथल्या योसेमिटी खोऱ्यात ग्रॅनाइटच्या खडकांत उखळासारखे खोल खळगे आहेत. मिवोक आणि पायूट या मूळ रहिवाशांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्यांत ओक झाडाची फळे, म्हणजे एकॉर्न, कुटत. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी खोऱ्यात शिरली आणि या लोकांना हुसकावले गेले. पुढे काही कुटुंबे परतली. दगडातली उखळे तर राहिलीच होती, पण नुसता खळगा पाहून स्वयंपाक कळतो का?

म्हणूनच काही पुरातत्त्वज्ञ जुनी अवजारे त्याच पद्धतीने बनवून, वापरून पाहतात. याला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात. योसेमिटीत मात्र ही विद्या अजून जिवंत हातांत होती. लूसी टेलीस पाहुण्यांसमोर टोपल्या विणून दाखवत. त्यांची नातसून ज्युलिया पार्कर जन्माने दुसऱ्या जमातीची, लहानपणीच पोरकी झालेली. ती आजेसासूजवळ बसून बघत बघत शिकली. लूसीबाई गेल्यानंतर, १९६० पासून तिथल्या संग्रहालयात ज्युलियाबाई हेच काम लोकांना करून दाखवू लागल्या. १९८३ मध्ये इंग्लंडची राणी आली, तेव्हा तिला त्यांनी स्वतः विणलेली टोपली भेट दिली.

आता त्यांची रीत ऐका. फळे वाळवायची, फोडायची, किडकी बाजूला काढायची. टोपलीत पाखडून वरची साल उडवायची, मग कुटून पीठ चाळायचे. एकॉर्नमध्ये टॅनिन असते, त्यामुळे पीठ कडू लागते. म्हणून ते वाळूच्या आळ्यात पसरून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतायचे, कडूपणा जाईपर्यंत. शेवटी पाणी गळणार नाही इतक्या घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ आणि पाणी घालून त्यात तापलेले दगड सोडायचे. दगड सतत हलवत राहिले की टोपली जळत नाही आणि खीर रटरटते. भांडे विस्तवावर चढतच नाही!

निवडणे, पाखडणे, चाळणे, धीर धरणे: हे सगळे आपल्याही ओळखीचे. पाणी किती वेळा ओतायचे, हे मात्र पुस्तकात मावत नाही. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवूनच ते कळते.

माझ्या आईचे उडदाचे पापड कधी चिरले नाहीत. ती खार अंदाजाने घाली. "बघून घे" म्हणायची, आणि मी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. आता ते पुढचे वर्ष नाही. तिचा पोळपाट माझ्याकडे आहे, पण तोही त्या खडकातल्या खळग्यासारखाच, काही सांगत नाही.

तुमच्या घरात असा जाणता हात असेल, तर या उन्हाळ्यात त्याच्याशेजारी बसा. लेकीसुनांनाही बसवा.