क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या

नाशिकच्या रामकुंडावर परगांवचा यात्रेकरू उतरला, कीं त्याला पहिल्यानें दोन प्रश्न विचारले जातात : गांव कोणतें? आडनांव काय? ऐकणारास हे प्रश्न केवळ लोकाचाराचे वाटतात. परंतु वस्तुतः त्या एका अफाट संग्रहाच्या दोन किल्ल्या आहेत. क्षेत्रोपाध्यायांच्या घरोघरीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नामावळीच्या वह्या, हाच तो संग्रह होय.

या वह्यांची मांडणी मोठी विचार करण्याजोगी आहे. यजमानांची वांटणी मुख्यतः गांव, जात व आडनांव यांवरून झालेली असते. त्यामुळें गांवाचें नांव सांगतांच कोणाच्या घरीं जावयाचें हें घाटावरच कळतें. आडनांवावरून घरांतील वही निघते. आणि आजापणजांचें नांव सांगितलें, कीं वहींतील पान सांपडतें. अनुक्रमणिकेचा एक भाग घाटावर, दुसरा घरांत व तिसरा कागदावर, अशी ही योजना आहे. याच शहरांत १८४० सालीं सार्वजनिक वाचनालय निघालें. पुढें ड्यूईची दशांश पद्धति १८७६ सालीं व आपल्या रंगनाथनांची द्विबिंदु पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. ग्रंथपाल पुस्तकाचा विषय विचारतो, तर उपाध्याय माणसाचें कूळ विचारतो. पण शोधणाराला थोडक्या प्रश्नांत नेमक्या पानाशीं पोंचवावें, हा हेतु दोघांचा एकच.

श्रोतेहो, हें केवळ कौतुकाचें प्रकरण नव्हे. नात्याची खास माहिती असलेल्या मृत माणसानें वाद उपस्थित होण्यापूर्वीं केलेलें कथन ग्राह्य धरण्याची तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत, ३२ व्या कलमांत होती. म्हणून दत्तक व वारसा यांच्या तंट्यांत अशा वह्यांचीं पानें न्यायासनापुढें येत असत.

मात्र या योजनेचा पाया स्थळनामांवर आहे, आणि स्थळांचे पत्ते बदलतात. नंदुरबारकडील एखादें कुटुंब घ्या. त्याचा खानदेश जिल्हा १९०६ सालीं दुभंगला, तेव्हां तें पश्चिम खानदेशांत गेलें; पुढें त्याच जिल्ह्याला धुळें हें नांव मिळालें; आणि १९९८ सालीं नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला. माणसें जागचीं हललीं नाहींत, तरी त्यांचा पत्ता तीनदां पालटला. खुद्द नाशिक जिल्हाही १८६९ सालचा आहे. जुनें व नवें नांव जोडणारा दुवा पुष्कळदां उपाध्यायाच्या स्मरणांतच असतो. दुसरें वैगुण्य असें, कीं सारी मांडणी पुरुषपरंपरेची असल्यामुळें लेक सासरीं गेली, कीं तिचा माग दुसऱ्या गांवाच्या, कदाचित् दुसऱ्या घराच्या वहींत शोधावा लागतो.

अमेरिकेंतील युटा येथील वंशावळी-संस्थेनें १९७७ पासून हरिद्वार व इतर कांहीं क्षेत्रांतील अशा वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेतलीं. आतां तर खिशांतल्या फोननेंही पान टिपतां येतें व तें संगणकांत ठेवतां येतें. कागदाला कसर व पुराचें पाणी यांचें भय असल्यामुळें हें काम अगत्याचें आहे. परंतु छायाचित्र म्हणजे अनुक्रमणिका नव्हे. मोडींत लिहिलेलें पान, तेंही कोणत्या गांवाचें व कोणत्या घराचें याची खूण नसतां, हजारों चित्रांत मिसळलें, तर तें जळाल्यासारखेंच होय. शिवाय घाटावर शोधणाराला आपलें कूळ सांगावें लागे. तेंच पान सर्वांस खुलें केल्यास दुसऱ्याच्या घरची माहितीही कोणाच्याही हातीं जाईल.

म्हणून चित्रांबरोबर उपाध्यायांच्या तोंडची माहितीही टिपली पाहिजे : कोणतीं गांवें कोणत्या घराकडे, त्यांचीं जुनीं नांवें कोणतीं, वांटण्या कशा झाल्या. आणि आपण सही करावयास बसूं, तेव्हां मूळ गांवाबरोबर सध्यांचें गांव, तसेंच आई, पत्नी व लेकी यांचीं नांवें व त्यांचीं माहेरें-सासरें लिहवून घ्यावीं. शंभर वर्षांनीं येणाऱ्या पणतीला तेवढाच धागा पुरेल.