दोन स्क्रूंचा इतिहास

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत एक आवाज सुरू होतो. खांद्याला पट्टा, हातात लांब दांडी, दांडीच्या मागच्या टोकाला छोटं इंजिन आणि पुढच्या टोकाला गरगरणारं पातं. ग्रास कटर म्हणतात त्याला. इंजिन रुसलं की त्या माणसाचा हात पहिल्यांदा जातो कार्ब्युरेटरच्या दोन स्क्रूंवर. हे स्क्रू आले कुठून, याची कहाणी मोठी मजेदार आहे.

आधी कार्ब्युरेटरचं काम समजून घेऊ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, आणि ते तिच्यात बारीक तुषार होऊन मिसळावं लागतं. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या गाडीत पेट्रोलची नुसती वाफ इंजिनात ओढली जाई. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आला १८९३ साली. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने तो एकाच वर्षी केला. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली नळीने फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती आणि ते पाहून ही कल्पना सुचली, असं हंगेरीत सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. पण इंजिनाच्या इतिहासात एखादी फुलवाली असावी, हे माझ्यासारख्या कवीला आवडतंच.

त्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असे आणि वाटीत तरंगणारा फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो ना, तसाच. वाटी भरली की फ्लोट वर येऊन पेट्रोल बंद करतो. सोपी युक्ती, पण एका अटीवर : इंजिन सरळ उभं हवं. ते कलंडलं की पेट्रोलही कलंडतं.

या अटीने १९४० साली ब्रिटनच्या वैमानिकांचा जीव टांगणीला लावला. त्यांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या इंजिनात फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. जर्मन विमानं नाक खाली करून सूर मारत. ब्रिटिश वैमानिक पाठोपाठ तसाच सूर मारायला गेला, की पेट्रोल वाटीत वर उसळे आणि इंजिन ऐन वेळी आचके देई. जर्मनांच्या इंजिनात पेट्रोल थेट दाबाने शिरे, त्यांना ही अडचण नव्हती. यावर तोडगा काढला बिअॅट्रिस शिलिंग या महिला इंजिनियरने. भोक पाडलेली धातूची एक छोटी चकती! तिने पेट्रोलचा लोंढा आवरला. १९४१ च्या मार्चपर्यंत ही चकती लढाऊ विमानांवर बसलीही. या बाई मोटारसायकलच्या शर्यतीही गाजवत, हे जाता जाता सांगितलं पाहिजे.

हीच अडचण जंगलात लाकूडतोड्यांची होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पेट्रोलवर चालणारी करवत आली, पण ती उचलायला दोन माणसं लागत. उभं झाड आडवं कापायचं आणि पडलेलं झाड उभं, म्हणजे पातं वळवायचं. इंजिन मात्र सरळच ठेवायचं! दुसऱ्या महायुद्धानंतर करवतीच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट गेला आणि त्या जागी एक लवचीक पडदा आला. इंजिनाच्या पोटातल्या हवेच्या धडधडीवर असाच दुसरा एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. पहिला ते मोजून आत सोडतो. गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं उरलं नाही. १९४९ साली अमेरिकेत मॅक्युलक कंपनीची सुमारे अकरा किलोची करवत बाजारात आली, एकट्या माणसाला पेलेल अशी. पुढे हाच पडदा गवत कापायच्या आणि पाला उडवायच्या यंत्रांत शिरला.

आता स्क्रू. एक मंद गतीसाठी, दुसरा भर वेगासाठी. डावीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं, उजवीकडे फिरवला की कमी होतं. खरी मेख दुसऱ्या स्क्रूमध्ये आहे. तो उजवीकडे वळवला की इंजिन तेजीत येतं, आवाज खणखणीत होतो, माणूस खूष होतो. पण या टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल घटलं की तेलही घटलं. इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. म्हणून जाणता कारागीर रिकाम्या भर वेगात आवाज किंचित बोबडा ठेवतो. पातं लाकडात शिरलं की बोबडेपणा जातो आणि सूर स्वच्छ लागतो. एखादी मात्रा जास्त झालेली कानाला कळते, तसं हे ज्ञान आहे. पुस्तकातून येत नाही.

हे ज्ञान वापरायची मोकळीक पुढे राहिली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९५ साली छोट्या इंजिनांच्या धुराचे नियम केले, १९९७ च्या मॉडेलपासून ते लागू झाले. कंपन्यांनी स्क्रूंवर टोप्या बसवल्या, फार फिरू नयेत म्हणून. कुठे स्क्रूचं डोकंच असं केलं की साधा स्क्रू-ड्रायव्हर लागू नये. माझं यंत्र आणि मलाच हात लावायची बंदी, अशी वापरणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. पण धुराची तक्रार खोटी नव्हती. जुन्या टू-स्ट्रोकमधलं पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशेब केला : पाला उडवायचं यंत्र तासभर चालवणं म्हणजे मोटारगाडी सुमारे १,७७० किलोमीटर हाकण्याइतकं धुरकं. तिथे २०२१ साली कायदा झाला आणि २०२४ च्या मॉडेलपासून अशी बहुतेक नवी पेट्रोल यंत्रं विकणं बंद झालं.

मला विचाराल तर कायदा धुराबाबत बरोबर आहे, कारागिराबाबत नाही. कारखान्यात बसवलेलं मिश्रण सगळीकडे सारखं चालत नाही. महाबळेश्वरच्या विरळ हवेत तेच मिश्रण पेट्रोलने जड होतं. उलट आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या स्क्रूवर मिश्रण हलकं पडतं. म्हणजे वर सांगितलेला पिस्टनचा धोका आलाच. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही.

म्हणून यंत्र रुसलं तर स्क्रूला शेवटी हात लावावा. काल नीट चाललेल्या यंत्राचे स्क्रू एका रात्रीत सहसा फिरत नाहीत. हवेची जाळी तुंबलेली असते, टाकीतली गाळणी मळलेली असते, नळीला चीर गेलेली असते, धुराच्या तोंडाशी काजळी साठलेली असते. हंगाम संपल्यावर पेट्रोल तसंच राहिलं असेल तर पडदा कडक झालेला असतो. तो काढावा, कानाजवळ धरून बोटांनी हलकेच वाकवावा. कापडासारखा मुका राहिला तर परत बसवावा, कागदासारखा कुरकुरला तर नवा आणावा.