मोटारगाडीचे ब्रेक बदलणे व सुधारणे

मोटारगाडीचे ब्रेक बदलणे म्हणजे झिजलेले किंवा निकामी झालेले सुटे भाग काढून त्याच प्रतीचे नवे भाग बसवणे होय. ब्रेक सुधारणे म्हणजे मूळ भागांपेक्षा अधिक उष्णता सोसणारे अथवा आकाराने मोठे भाग बसवणे होय. पहिली बाब नियमित देखभालीत मोडते. दुसरीचा परिणाम वाहनाच्या समतोलावर होऊ शकतो आणि काही बदलांना कायद्याची मर्यादा आहे. त्यामुळे भाग खरेदी करण्यापूर्वी दोष झिजेचा आहे, उष्णतेचा आहे, टायरचा आहे की वाहन चालवण्याच्या पद्धतीचा आहे, हे ठरवणे आवश्यक असते.

रचना आणि कार्य

भारतातील बहुतेक लहान मोटारींत पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबल्यावर बूस्टर पायाचा जोर वाढवतो. मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो नळ्यांमधून प्रत्येक चाकापर्यंत पोहोचतो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर दोन पॅड फिरत्या डिस्कवर दाबतो. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले शू ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दाबले जातात. घर्षणामुळे वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ब्रेक लावताना भार पुढे सरकत असल्याने पुढील ब्रेकवर अधिक काम पडते.

वाहन अखेरीस टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळेच थांबते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरल्यास ताशी ८० किमी वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० किमी वेगाला हेच अंतर सुमारे ५६ मीटर होते. मूळ ब्रेक चाके जाम करू शकत असतील, किंवा एबीएस कार्यान्वित होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे असे समजावे. अशा वेळी मोठ्या डिस्कपेक्षा चांगल्या टायरचा व योग्य हवेच्या दाबाचा उपयोग अधिक होतो.

बदलण्याची लक्षणे

* ब्रेक लावताना किंवा चालत्या गाडीत बारीक कर्कश आवाज : पॅडवरील झीजदर्शक पत्री डिस्कला लागत असण्याची शक्यता.
* लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज : पॅड पूर्ण झिजले असून डिस्क खराब होत असण्याची शक्यता.
* पेडल मऊ लागणे : ऑइलमध्ये हवा किंवा जुने ऑइल.
* दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे : गळती किंवा मास्टर सिलिंडरमधील बिघाड.
* ब्रेक लावताना पेडल अथवा स्टिअरिंग थरथरणे : डिस्कची जाडी असमान होणे.
* गाडी एका बाजूला ओढली जाणे : अडकलेला कॅलिपर, पॅडवर लागलेले तेल किंवा टायरमधील असमान हवा.

पॅडवरील घर्षण-पदार्थाची जाडी सुमारे ३ मिमीपर्यंत आल्यास ते बदलणे योग्य समजले जाते. नेमकी मर्यादा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासल्यानंतर जाडी त्याखाली जाणार असेल तर डिस्क बदलावीच लागते. पॅड, शू व डिस्क नेहमी एकाच आसावरील दोन्ही चाकांना जोडीने बदलतात. अन्यथा गाडी एका बाजूला ओढली जाते.

ब्रेक ऑइल

प्रचलित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो. मानकांनुसार डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २०५ अंश व ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस असतो. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. ऑइल उकळल्यास नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्याने पेडल तळाशी जाते, पण ब्रेक लागत नाही. अनेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. सिलिकॉनयुक्त डॉट ५ हे ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये.

उष्णता, घाट आणि खान्देशातील वापर

ब्रेकची गरज वाहन कोठे चालते यावर अवलंबून असते. जळगाव जिल्ह्यातील धरणगाव परिसर तापी खोऱ्याच्या सपाट भागात येतो. तेथील रोजच्या प्रवासात ब्रेक फार तापत नाहीत. धूळ व पावसाळ्यातील चिखल ड्रममध्ये साचणे हा अधिक संभाव्य त्रास असतो व तो साफसफाईने दूर होतो. मात्र खान्देशाबाहेर पडणाऱ्या अनेक मार्गांवर घाट आहेत. चाळीसगाव व कन्नडदरम्यान कन्नड घाट, धुळ्याच्या दक्षिणेस लळिंग घाट आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर बिजासन घाट लागतो.

१५०० किलोग्रॅम वजनाची मोटार २०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. ताशी ८० किमी वेगावरून एकदा थांबताना सुमारे ३.७ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजेच संपूर्ण उतार केवळ ब्रेकवर उतरणे हे विश्रांती न घेता जवळपास आठ वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास यातील मोठा भाग इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये हा आधार मिळत नाही, आणि इंजिन बंद केल्यास बूस्टरचे साहाय्यही थोड्याच वेळात संपते.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, मुंबई–आग्रा महामार्गावरील पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. त्यात किमान १० जणांचा मृत्यू झाला. याउलट पुण्यातील नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या साखळी अपघातात, चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या तपासातून पुढे आले. ‘ब्रेक फेल’ या एकाच नावाखाली भिन्न कारणे असू शकतात, हे यावरून दिसते.

सुधारणेचे प्रकार

घाटात वारंवार भरलेली गाडी नेणाऱ्यांसाठी सुधारणेचा क्रम साधारणपणे कमी बदलाकडून अधिक बदलाकडे असा ठेवतात : प्रथम मूळ ब्रेक दुरुस्त करणे व ताजे ऑइल भरणे, नंतर वाहनाला मान्य असलेले अधिक उष्णतारोधक पॅड, आणि शेवटी मोठ्या डिस्क व कॅलिपर. शर्यतीसाठीचे पॅड थंड असताना कमी पकड देतात, म्हणून ते दैनंदिन वापरास अयोग्य ठरतात. केवळ पुढील ब्रेक वाढवल्यास पुढील चाके लवकर जाम होऊ शकतात. केवळ मागील वाढवल्यास गाडी फिरण्याचा धोका असतो. मोठी डिस्क मूळ रिममध्ये मावेलच असे नाही.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य आहे. जुन्या मोटारीत ते नंतर बसवणे व्यवहार्य नसते, कारण त्यासाठी संवेदक, नियंत्रक व नळ्यांची संपूर्ण रचना बदलावी लागते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-ए नुसार, परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागांच्या जागी त्याच प्रतीचे भाग बसवणे ही देखभाल समजली जाते.

काम करताना घ्यावयाची काळजी

जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ऑइलची नळी उघडल्यास सर्व हवा काढणे आवश्यक असते. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. नवे पॅड व डिस्क एकमेकांवर नीट बसेपर्यंत मध्यम वेगावरून सौम्यपणे ब्रेक लावावेत आणि मधे थंड होऊ द्यावे. घाटाचा प्रवास त्यानंतरच करावा.

हेही पहा

* डिस्क ब्रेक
* घर्षण
* कन्नड घाट
* मोटार वाहन अधिनियम, १९८८