आबालाल रहिमान : कोटितीर्थाकाठचा चित्रकार

मंडळी, उचगावातून शहरात जाता-येता शाहू मिलजवळचं कोटितीर्थ आपण पाहिलेलंच आहे. त्या तळ्याकाठी आबालाल रहिमान राहत होते आणि तेच पाणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं. (नाव ‘अबालाल’ असंही छापतात, शोधताना दोन्ही घालून बघा.)

शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. तिथून शिकलेल्या माणसाला मुंबई सोडायचं कारण नव्हतं. गिऱ्हाईक तिथे, प्रदर्शनं तिथे. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं.

दुसरे कोल्हापूरकर म. वि. धुरंधर. ते १८९० साली जे. जे. मध्ये गेले, तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहून ठेवलं. त्यामुळे त्यांचं आयुष्य आपल्याला बरंचसं सालवार लावता येतं. आबालालांचं तसं आत्मचरित्र नाही. त्यांच्याबद्दल बोलायचं तर चित्रंच समोर हवीत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांत झाडं-पाणी बहुधा नायिकेच्या मागे पडद्यासारखं असतं. आबालालांच्या निसर्गचित्रांत तळं हाच विषय, त्यावरचा उजेड हाच प्रसंग. आमच्या मते त्यांचं आधुनिकपण यात आहे, दरबारी कामात नाही.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. ६ मे १९२२ ला महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडली, असं सांगतात. गोष्ट हृद्य आहे. पण ती फार सोयीचीही आहे. ‘तळ्यात गेली’ म्हटलं की उरलेल्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. महाराजांनंतर आबालाल नऊ वर्षं जगले. १९३१ च्या डिसेंबरात वारले. आणि कागदावरचा जलरंग तळ्यात न टाकताही जातो. आपल्याकडचा पावसाळा, भिंतीची ओल, वाळवी, समोरच्या खिडकीतलं ऊन, एवढं पुरतं.

टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत, ती जरूर बघा. आणि कुणाच्या घरी जुनं निसर्गचित्र असेल तर ते ओल्या फडक्यानं पुसू नका, नवी फ्रेम करताना मागचा कागद फाडून टाकू नका. सही, साल, कुणाला दिलं, हे कधीकधी मागेच लिहिलेलं असतं.