खोली ते वन बीएचके : गिरणगावातल्या घराचा इतिहास

शहराचा इतिहास म्हटला की आपण गव्हर्नर, गिरणीमालक, पुढारी आणि संप यांच्याविषयी बोलतो. आज आपण एका लहान गोष्टीकडे पाहणार आहोत. लोअर परळला किंवा वरळीला एखाद्या उंच इमारतीत एक बेडरूम, हॉल आणि किचन एवढंच घर असतं. जाहिरातीत त्याला 'लक्झरी वन बीएचके' म्हणतात, परदेशातले आपले श्रोते कॉन्डो म्हणतील. चटई क्षेत्र बरेचदा ४०० ते ५०० चौरस फूट आणि किंमत कोटींत. या जागी पूर्वी काय होतं, हे तर पाहूच. पण आमचा खरा प्रश्न असा आहे, की 'घर' या शब्दात पूर्वी काय काय येत होतं आणि आता काय येतं? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला शब्दांपाशी रेंगाळायची खोड आहे, ती सांभाळून घ्या.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीसाठी कंपनी काढली आणि ताडदेवला १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी या भागात धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, त्यांच्यासाठी चाळी आल्या. १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा या वस्तीची दैना सरकारला दिसली. १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या त्या बीआयटी चाळी. १९२० मध्ये विकास खातं निघालं, त्याच्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून या २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची.

१६० चौरस फुटांत आठ-दहा माणसं कशी राहत होती, असं आजची मुलं विचारतात. याचं उत्तर भूमितीत सापडणार नाही, ते घड्याळात आहे. सगळे एकाच वेळी तिथे नसत. गिरणी पाळ्यांमध्ये चालायची, तशी खोलीही पाळीत चालायची. एका गावची माणसं मिळून गाळा घेत. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळली जाई. याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. परळच्या डबक चाळीत त्यांच्या कुटुंबाला एकच खोली होती. भीमराव लवकर झोपत, वडील रामजी जागे राहत. रात्री दोनला ते मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग त्याच जागी स्वतः आडवे होत. हे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलं आहे.

म्हणजे खोली लहान असली तरी राहण्याचा पसारा मोठा होता. झोपायला गॅलरी होती. जेवायला खानावळ होती, आणि ती चालवणारी बाई आपल्याच चाळीतली. या खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. भजनाला, गणपतीला आणि भांडणाला खालचा चौक होता. खासगी जागा अगदी थोडी, सामाईक जागा पुष्कळ.

पण मित्रहो, याचं गोड चित्र रंगवायला आम्ही तयार नाही. सामाईक म्हणजे सामाईक संडासही आणि पहाटेची नळावरची रांगही. नव्या सुनेला साडी बदलायला कोपरा मिळत नसे. आणि सामाईक म्हणजे समान असंही नव्हतं. १९७४ साली वरळीच्या बीडीडी चाळींमध्येच दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली. भिंतीला भिंत लागून राहिल्याने जात जात नाही.

आता शब्दाकडे या. गिरणी कामगाराला कुणी विचारलं, "घर कुठं तुमचं?" तर तो म्हणायचा, "गावाला." "मग मुंबईत?" "मुंबईत खोली आहे." खोली किंवा बिऱ्हाड. घर हा शब्द त्याने कोकणातल्या कौलारू छपरासाठी राखून ठेवला होता. मुंबईची खोली ही पगाराची जागा होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो पगारच संपला. खोली उरली. गिरणीची किंमत आता मागावर ठरेना, तिच्याखालच्या जमिनीवर ठरू लागली. अशी जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे सांगितले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने साऱ्या परिसराचा एकत्र विचार करायला सांगितलं. तो झाला नाही. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीच्या छपराखालची जमीन हिशेबातून गेली. उच्च न्यायालयाने कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने कौल दिला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आजचे मॉल, कचेऱ्या आणि आपलं ते वन बीएचके या एका व्याख्येवर उभे आहेत. 'मोकळी' या विशेषणाचा अर्थ काय, यावर शहर ठरलं. तत्त्वज्ञान निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

आता कॉन्डो. मूळ शब्द कंडोमिनियम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सह-स्वामित्व. हा शब्द आपल्याला परका नाही, महाराष्ट्राने १९७० मध्येच त्यासाठी अपार्टमेंट मालकी कायदा केला. गृहनिर्माण संस्थेत इमारत संस्थेची असते आणि आपण तिचे सभासद. कंडोमिनियममध्ये घर तुमच्या एकट्याचं, आणि जिना, गच्ची, जमीन यांत तुमचा अविभक्त हिस्सा. म्हणजे सह-स्वामित्व सांगणारा शब्द आपण एकांताचं प्रतीक म्हणून विकत घेतो. आणि ही 'लक्झरी' कुठे असते? ती ४०० फुटांत मावत नाही. ती असते पोहण्याच्या तलावात, व्यायामशाळेत, क्लबहाउसमध्ये. म्हणजे खासगी जागा थोडी आणि सामाईक पुष्कळ, ही चाळीचीच मांडणी झाली! फरक एवढाच, की तिला आता फाटक आहे आणि तिचं दरमहा बिल येतं.

हिशेब आणखी पुढे जातो. गिरणी कामगारांकडून घरासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले होते. २०१२ च्या सोडतीत त्यांतल्या काही हजारांना घरं लागली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मोफत द्यायचं ठरलं आणि २०२५ मध्ये वरळीत पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. म्हणजे शेजारचं कोटींचं वन बीएचके कधीकधी या मोफत घराहून लहान असतं. त्यामुळे भेद क्षेत्रफळाचा उरलेला नाही. भेद लिफ्टच्या, पंपाच्या, आगरोधक यंत्रणेच्या महिन्याच्या खर्चाचा आहे, आणि कुठल्या फाटकातून कोणी आत जायचं याचा आहे. ज्याला मोफत घर मिळालं, त्याला महिन्याचं बिल भरणं जमलं नाही तर तो ते भाड्याने देईल, विकेल आणि बदलापूर, विरारला जाईल. कायद्याने त्याला कुणीही हाकललेलं नसेल.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. परळच्या माणसाला शंभर वर्षांत पहिल्यांदा मुंबईत 'घर' म्हणता येईल अशी जागा मिळते आहे, दाराला कडी असलेली, सुनेला कोपरा असलेली. ही प्रगतीच आहे, तिला नाक मुरडण्याचा अधिकार मोठ्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पण चौरस फूट देऊन काम संपत नाही. चौक कोणाचा, मैदान कोणाचं, देखभालीचा भार कोणी आणि किती उचलायचा, हे ठरवताना त्या माणसाला मत हवं. खोलीत राहूनही तो शहराचा होता, कारण खोलीबाहेरची जागा त्याची होती. उद्या ५०० फुटांच्या घरातही तो शहराचा राहील का, हे त्या बाहेरच्या जागेवरच ठरेल.

पुढच्या व्याख्यानात आपण भाडे नियंत्रण कायदा आणि पागडी यांचा विचार करू. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.