पाणी धरणारा झुबका

विदर्भात, आमच्या काटोलच्या घरी न्हाणीच्या खिडकीला एक खिळा होता. त्याला सुतळीचा फास, आणि फासात दाढीचा ब्रश उलटा टांगलेला. दाढी झाली की आजोबा फेस पुरता निघेपर्यंत ब्रश धुवायचे, मुठीत हलकेच पिळायचे आणि तीन झटके देऊन फासात अडकवायचे. ते तीन झटके झेलून झेलून शेजारच्या भिंतीच्या चुन्याला पोपडे आले होते. "उभा ठेवला का पाणी बुडात उतरते न केस झडतात," असं त्यांचं म्हणणं.

दाढीच्या ब्रशाची कुळकथा मुळात या पाण्याचीच आहे.

'न्हावी' हा शब्दच पाण्यातून आला. प्राकृतात तो 'ण्हाविअ', म्हणजे न्हाऊ घालणारा. 'हजामत' मात्र अरबीतून आली. तिकडे 'हज्जाम' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. कातडीशी काम करणारे हे दोन धंदे आपल्याकडे एकाच माणसाच्या नावावर जमा झाले.

बारा बलुत्यांतल्या या कारूच्या धोपटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी असे. संत सेना न्हावी यांनी आपल्या धंद्याचं रूपक करून अभंग रचला. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोई भिजवायचं पाणी आहे, अगदी नखं काढणंही आहे. ब्रश मात्र नाही. तो असायचं कारणच नव्हतं. बोटं वाटीत बुडवायची आणि गाल चोळत राहायचं, की केस मऊ पडत. पाणी धरायला हातच पुरत होता.

साबणाचा दाट फेस काढायचा तर हात अपुरा पडतो. तिथे केसांचा झुबका कामाला येतो. हे साधन युरोपचं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ते रुळलं, आणि फ्रेंच भाषेत 'ब्लेरो' हा एकच शब्द आजही बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्यालाही चालतो आणि दाढीच्या ब्रशालाही. बॅजरचा केस मध्ये जाड आणि टोकाला निमुळता. त्यामुळे झुबक्यात पाण्याला जागा राहते आणि टोक गालाला टोचत नाही. डुकराचा केस राठ. तो स्वतःच पाणी पितो, म्हणून आधी भिजत घालावा लागतो, आणि वापराने टोकं फुटली की मऊ होतो. घोड्याचा केस या दोहोंच्या मधला.

पण ब्रश वाळवायची काळजी फ्रान्समधून आली नाही. ती ब्रश घरात शिरला तेव्हा आली. वस्तऱ्याची दाढी बहुधा दुसऱ्याच्या हातची. गिऱ्हाइकांची रांग लागलेल्या सलूनमध्ये ब्रश वाळायला सवडच नसते. एक गाल झाला की दुसरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिलेटचं पात्याचं रेझर निघालं आणि माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आरशात दाढी करू लागला. आता ब्रश दिवसातून दहा मिनिटं कामाचा आणि उरलेला दिवस रिकामा. त्या रिकाम्या वेळात ओल राहिली की वास, बुरशी आणि मुळाशी कुजणं आलंच.

कितीही वाळवला तरी न सुटणारं संकटही एकदा या ब्रशांवर आलं. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा रशियाकडून येणारा पुरवठा तुटला. सायबेरिया, चीनकडचे घोड्याचे केस बॅजरच्या केसांसारखे रंगवून ब्रशांत बसवले गेले. पूर्वी असे केस जर्मनी-फ्रान्समध्ये निर्जंतुक होऊन येत. युद्धात तो टप्पाही गळला. इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांच्या आणि नागरिकांच्या गालांवर, मानेवर काळी खपली धरणारे फोड उठू लागले. तो अँथ्रॅक्स होता, आपली काळपुळी. गुरं राखणाऱ्या विदर्भाला हे नाव नवं नाही. तिचे बीजाणू कोरडेपणात वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे खिळ्यावर टांगून ते मरणार नव्हते. अखेर दूषित ब्रशांचा माग जपानपर्यंत लागल्यावर ब्रिटनने 1920 मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली.

आता आजोबांच्या खिळ्याकडे येऊ. झटकल्यावर उरलेलं पाणी केसाकेसांच्या फटींत अडकून असतं. समईच्या वातीत तेल वर चढतं, त्याच ओढीने ते तिथे धरलेलं असतं. ब्रश उलटा केला म्हणून ते सगळं खाली गळत नाही, की सुलटा ठेवला म्हणून सगळं बुडात जात नाही. ते उडून जावं लागतं, आणि त्याला वारा लागतो. म्हणजे आजोबांचा ब्रश फासाने कमी आणि खिडकीने जास्त सांभाळला. फक्त केसांवर, तोंडावर उभा करू नये. झुबका वाकडा होतो.

मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा ब्रश बघता बघता वाळतो, पण कडक उन्हात लाकडी मूठ तडकते. मृग लागला की उलटं: हवाच ओली, ब्रश सकाळी हाताला दमट लागतो. पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर मुळाशी बसतो; तो न धुता वाळवला तर केस काडीसारखे ताठ होतात. पेटीत ठेवून द्यायचा तर पुरता वाळलेला हवा, आणि अस्सल केसांचा असेल तर सोबत डांबरगोळी. लोकरीसारखी त्यालाही कसर लागते.

नायलॉन आल्यावर यातली बरीच काळजी सुटली. नायलॉनचा धागा केसाच्या मानाने फार कमी पाणी पितो. माझा ब्रश नायलॉनचा आहे, तासाभरात कोरडा होतो. तरी तो त्याच खिडकीत असतो. भिंतीला आता फरशी बसवली आहे; तीन झटक्यांचं पाणी तिच्यावरून ओघळून जातं.